पहिलीच्या आधीची सहा वर्षे

आम्ही शिक्षक मुलाला भेटतो ते फार उशिरा. आमची उर्दू शाळा पहिली ते आठवीची. आम्ही वरच्या वर्गांना उर्दू आणि मराठी शिकवतो, पण जून महिन्यात प्रवेशाची गर्दी झाली की पहिलीच्या नोंदी करायला आम्हालाही बसवतात. समोर रांगेत उभी असलेली सगळी मुले एकाच वयाची असतात, निदान जन्मदाखल्यावर तरी. प्रत्यक्षात मात्र एखादे मूल शेजारच्या मुलापेक्षा वीतभर लहान दिसते. कुणाच्या बोटांत पेन्सिल धरायचे बळ नसते. कुणी मधली सुट्टी व्हायच्या आत बाकावर डोके टेकते. कुणाला आपले नाव सांगता येते, पण त्यापुढचे एक वाक्य जुळवता येत नाही.

या मुलांना लोक सरळ "कमजोर" म्हणून मोकळे होतात. शाळेत "अभ्यासात मागे" असा शिक्का बसतो. पण सहा वर्षांच्या मुलाने अभ्यास केलेलाच नसतो, मग ते त्यात मागे कसे पडेल? ते मागे पडलेले असते ते अन्नात, आजारपणात आणि बोलण्याऐकण्याच्या सरावात. हा सगळा मागचा हिशेब आहे, आणि तो पहिलीच्या पुस्तकाने भरून निघत नाही. म्हणून या वेळी शाळेबद्दल नव्हे, तर शाळेच्या आधीच्या सहा वर्षांबद्दल बोलावे असे आम्हाला वाटले. गरीब घरातल्या लहान मुलांसाठी या देशात कायदे आहेत, योजना आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत. त्यातले आपल्या मोहल्ल्यापर्यंत किती पोहोचते आणि उरलेले कसे पोहोचवायचे, हा आजचा विषय.

हजार दिवसांचा हिशेब

गरोदरपणाचे साधारण २७० दिवस आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांचे ७३० दिवस, मिळून हजार दिवस होतात. डॉक्टर मंडळी या हजार दिवसांवर इतका भर देतात याचे कारण सरळ आहे. दोन वर्षांच्या आत मुलाच्या मेंदूची सुमारे ऐंशी टक्के वाढ झालेली असते. याच काळात पोषण तुटले, जुलाब आणि ताप वारंवार झाले, तर मुलाची उंची खुंटते. अशी खुंटलेली उंची पुढे भरून काढणे फार कठीण जाते. उंची हे केवळ बाहेरून दिसणारे लक्षण आहे. आत जे राहून गेलेले असते ते पट्टीने मोजता येत नाही.

कुरआन शरीफमध्ये, सूरह बकरामध्ये, आईने मुलाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्याच आयतीत दूध पाजणाऱ्या आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकलेली आहे, हे मात्र तितकेसे आठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पाणी आणि घुटीसुद्धा नाही. सहा महिने पूर्ण होताच वरचे मऊ अन्न सुरू करायचे आणि त्यासोबत दोन वर्षे व त्यापुढेही आईचे दूध चालू ठेवायचे. आपल्याकडे चूक होते ती बहुधा दुसऱ्या टप्प्यावर. बाळ दहा महिन्यांचे झाले तरी दूध आणि चहात बुडवलेले बिस्कीट यापलीकडे त्याच्या तोंडात काही जात नाही. रडले की पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट हातात येते. पोट भरते, मूल गप्प बसते, आणि वजनाचा काटा तिथेच राहतो.

पण सगळा दोष आईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दिवसभर घरात बसून कपड्यांना टिकल्या लावणाऱ्या, बांगड्यांचे काम करणाऱ्या, यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या बाईने दर तीन तासांनी बाळाला डाळभात भरवावा, असे सांगणे सोपे आहे. ज्या घरात तूरडाळ आठवड्यातून दोनदा शिजते तिथे केवळ उपदेशाने वजन वाढत नाही. म्हणूनच सरकारी धोरणाची गरज पडते.

अंगणातली शाळा

"अंगणवाडी" हा शब्द आज सगळ्या देशात चालतो. त्याचे मूळ आपल्या महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डी गावात बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. बालवाडी तर उघडली, पण गरिबांची मुले तिथपर्यंत येईनात. कुणाला धाकट्या भावंडाला सांभाळायचे, कुणाला अंगावर घालायला कपडे नाहीत. तेव्हा त्यांनी उलटे केले. मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. मुलांना तिथेच न्हाऊ घालायचे, तिथेच खाऊ द्यायचा, तिथेच गाणी आणि गोष्टी.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. आज महाराष्ट्रातच सुमारे एक लाख दहा हजार अंगणवाड्या आहेत. अंगणवाडीत सहा सेवा मिळायला हव्यात: पूरक पोषण आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवण्याची संदर्भ सेवा आणि आईला पोषण व आरोग्याचे शिक्षण. आपल्या वस्तीत अंगणवाडीला "खिचडीची शाळा" म्हणतात. सहापैकी एकच सेवा लोकांना दिसते, याचा हा पुरावा.

दयेचे दान नव्हे, कायद्याचा हक्क

पहिली पंचवीस वर्षे ही केवळ योजना होती. सरकारने दिली तर दिली. २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने आदेश दिला की ही योजना प्रत्येक वस्तीत, प्रत्येक मुलापर्यंत गेली पाहिजे. २००४ मध्ये आहाराच्या पुरवठ्यात ठेकेदार नकोत, असेही न्यायालयाने बजावले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाकडे आपण खास लक्ष द्यावे. ज्या खेड्यात किंवा झोपडपट्टीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या लोकांनी मागणी केली तर मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळाली पाहिजे, असे त्या आदेशात म्हटले आहे.

मग २०१३ मध्ये राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला. आपण त्याला रेशनचा कायदा म्हणून ओळखतो. पण त्यातच सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांना स्थानिक अंगणवाडीतून वयाप्रमाणे मोफत आहार, कुपोषित मुलाला मोफत आहार आणि गरोदर व बाळंत महिलेला गरोदरपणात व बाळंतपणानंतर सहा महिने मोफत आहार, हे हक्क म्हणून लिहिले आहेत. किती आहार, तेही २०१३ च्या कायद्यात ठरवले होते. मुलाला दिवसाला ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तीव्र कुपोषित मुलाला ८०० उष्मांक आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने, तर गरोदर व स्तनदा मातेला ६०० उष्मांक आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने. तीन वर्षांखालील मुलांना आणि मातांना हा आहार घरी नेण्यासाठी मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम शिजवून.

याच्या जोडीला प्रधानमंत्री मातृ वंदना योजना आहे. पहिल्या बाळासाठी आईला टप्प्याटप्प्याने ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. या कार्यक्रमाच्या पथकाने प्रत्येक अंगणवाडीतली मुले वर्षातून दोनदा तपासायची असतात. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, नेहमीचे आजार आणि उशिरा चालणे, उशिरा बोलणे अशा तक्रारी शोधून मोफत उपचाराला पाठवायचे असते. कानात दोष असलेले मूल दोन वर्षांचे असताना सापडले तर त्याचे बोलणे वाचवता येते. तेच मूल आमच्याकडे सहाव्या वर्षी येते तेव्हा सगळे त्याला हट्टी आणि मंद समजत असतात.

आकडे काय सांगतात

योजना चालतात का, असा प्रश्न कुणीही विचारील. उत्तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सापडते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालील, वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या मुलांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होते. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत जवळपास बारा टक्क्यांची घट ही लहान गोष्ट नाही. याच काळात, २००५ पासून, राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले होते. मुलांची वजने नेमाने घेणे, दोन वर्षांखालच्या बाळांकडे आधी पाहणे, आरोग्य खाते आणि अंगणवाडी खाते यांनी एकमेकांशी बोलणे, अशी साधीच कामे त्यात नेटाने केली गेली.

पण त्यापुढचे सर्वेक्षण २०१९-२१ चे. त्यात हे प्रमाण ३५.२ टक्के निघाले. म्हणजे घट थांबली, उलट किंचित चढ आला. उंचीच्या मानाने वजन अतिशय कमी असलेल्या, म्हणजे तीव्र कुपोषित मुलांचे प्रमाण ९.४ वरून १०.९ टक्के झाले. सहा महिने ते पाच वर्षे या वयात रक्त कमी असलेली मुले ५३.८ वरून ६८.९ टक्के झाली. दहा मुलांपैकी सात मुलांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, अशा राज्यात आपण राहतो.

या आकड्यांतून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, मनापासून केले तर धोरण काम करते, ते ४६ वरून ३४ वर आणून दाखवले आहे. दोन, हात ढिला पडला की काम थांबते. आहारासाठी २०१७ मध्ये ठरवलेला दर होता मुलामागे दिवसाला ८ रुपये. घर चालवणाऱ्या बाईला विचारा, तेव्हापासून डाळ, तेल आणि गॅस कुठे गेले. हे दर वाढवू, असे केंद्राच्या अर्थसंकल्पात सांगायला फेब्रुवारी २०२५ उजाडावा लागला.

आपल्या मोहल्ल्यात काय अडते

डोंगरातल्या पाड्यांचे कुपोषण वर्तमानपत्रात येते आणि ते यायलाच हवे. आदिवासी भागासाठी राज्य सरकारने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाने अमृत आहार योजना सुरू केली, त्यात गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचे पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. ते योग्यच आहे. पण यंत्रमागाच्या गावात, भंगारच्या गल्लीत, खाडीकाठच्या पत्र्याच्या खोल्यांत जे मूल सुकते त्याच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. शहरात दवाखाने आहेत, दुकाने आहेत, मग कुपोषण कसले, असे वाटते. दवाखाना असणे आणि रोजंदारी बुडवून तिथे जाता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जून २००६ मध्ये जाहीर झालेल्या पंतप्रधानांच्या नव्या पंधरा कलमी कार्यक्रमाचे पहिलेच कलम अंगणवाडीबद्दल आहे. अल्पसंख्याकांची वस्ती मोठ्या प्रमाणात असलेल्या भागांत प्रकल्प आणि अंगणवाड्यांचा योग्य वाटा असावा, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिम वस्त्यांना या सेवा कमी पोहोचतात हे मांडले गेले होते. नंतर अल्पसंख्याकबहुल जिल्ह्यांच्या विकास कार्यक्रमातून अंगणवाडीच्या इमारती बांधायची सोयही झाली. तरी आमच्या शहरातल्या अनेक अंगणवाड्या अजून भाड्याच्या एका खोलीत आहेत. तिथेच धान्याची पोती, तिथेच वजनकाटा आणि तिथेच तीस मुले. सरकारने ठरवलेल्या भाड्यात दाट वस्तीत खोली मिळत नाही, म्हणून अंगणवाडी मोहल्ल्याच्या कडेला, मोठ्या रस्त्यापलीकडे जाते. आई तीन वर्षांच्या मुलाला त्या रस्त्यापलीकडे एकटे कसे पाठवील?

भाषेचाही प्रश्न आहे. घरात दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी फक्त मराठी ऐकू आली की ते गप्प होते. आम्ही स्वतः मराठी शिकवतो. आपल्या मुलांना उत्तम मराठी आली पाहिजे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण तीन वर्षांच्या मुलाला आधी आपल्या बोलीत बोलते करावे लागते, मग दुसरी भाषा त्याच्या तोंडात सहज बसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यानेही घरच्या भाषेवर भर दिला आहे. मोहल्ल्यातल्या बारावी झालेल्या मुलींनी सेविका आणि मदतनीस या जागांसाठी अर्ज केले तर हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. जागा निघाली की जाहिरात कुठे लागते, याकडे मात्र लक्ष ठेवावे लागते.

काही अडचणी आपल्या घरातल्या आहेत, त्याही बोलल्या पाहिजेत. अंगणवाडीत का पाठवत नाही, असे विचारले की उत्तर येते, "वहाँ पढाते कहाँ हैं, टीचर?" त्याच आया महिना पाचशे रुपये देऊन मुलाला अशा इंग्रजी नर्सरीत घालतात जिथे तीन वर्षांचे मूल चार तास बाकावर बसून ए-बी-सी-डी गिरवते. या वयाचे शिक्षण म्हणजे खेळ, गाणी, मणी ओवणे, गोष्ट ऐकणे आणि बोलणे. त्यात वही नसते, म्हणून ते शिक्षण वाटत नाही. घरी नेण्याच्या आहाराची पाकिटे काही घरांत बकरीच्या पुढे जातात. पाकिटाची चव आवडत नसेल तर तशी लेखी तक्रार करावी, तो आपला हक्क आहे. पण मुलाच्या वाट्याची प्रथिने बकरीला घातल्याने तक्रार कुणापर्यंत पोहोचत नाही.

गोवरने दिलेला इशारा

२०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीच्या परिसरात गोवरची साथ आली. मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण सापडले. मुले दगावली. गोवरची लस गेली कित्येक वर्षे सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा द्यायची. कोरोनाच्या काळात लसीकरण मागे पडले होते, घरे बदलली होती, काही ठिकाणी अफवांनी दारे बंद केली होती. शिवाय गोवर कुपोषित मुलाला अधिक जोराने धरतो. ज्याच्या अंगात 'अ' जीवनसत्त्व कमी, त्याच्या डोळ्यांनाही धोका. म्हणजे आहार, लस आणि दाटीवाटीची घरे हे तीन वेगळे प्रश्न नाहीत.

त्या वेळी पालिकेचे डॉक्टर मशिदींच्या इमामांकडे गेले आणि अनेक इमाम साहेबांनी लस टोचून घेण्याचे आवाहन केले. लोकांनी ऐकले. साथ येण्याची वाट न पाहता हेच दर महिन्याला एखाद्या जुम्याला झाले तर किती मुले वाचतील!

थोरल्या बहिणीची हजेरी

आमच्या सहावी-सातवीच्या हजेरीपटावर एक गोष्ट वर्षानुवर्षे दिसते. मुलगी आठवड्यातून दोन दिवस येते, मग एक दिवस, मग नाव पुकारले की मैत्रिणी सांगतात, "तिची अम्मी कामावर जाते, घरी छोटा भाऊ आहे." एका दीड वर्षाच्या बाळाला सांभाळण्यासाठी बारा वर्षांच्या मुलीची शाळा सुटते. बाळालाही त्यातून फार मिळत नाही, कारण बारा वर्षांची मुलगी त्याला आईसारखे भरवू शकत नाही.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, २६ आठवड्यांची रजा आली आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. पण घरी बसून तुकड्यावर काम करणाऱ्या बाईला ना रजा, ना पाळणाघर. तिच्यासाठी केंद्राची पाळणा योजना आहे, त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. अंगणवाडी काही तासांत सुटते, आईचे काम संध्याकाळपर्यंत चालते. मधले तास कुणीतरी भरले पाहिजेत. आज ते आमच्या विद्यार्थिनी भरत आहेत. मुलींच्या शिक्षणाची काळजी असणाऱ्या प्रत्येकाने पाळणाघराची मागणी आपली मानली पाहिजे.

अंगणवाडी सेविकेबद्दलही दोन शब्द. वजने घेणे, आहार वाटणे, शिकवणे, घरभेटी, मोबाइलवर माहिती भरणे, शिवाय सर्वेक्षणे, आणि या सगळ्याचा मोबदला "मानधन". डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस सुमारे पन्नास दिवस संपावर होत्या. त्याआधी, एप्रिल २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निकाल दिला. ज्या बाईच्या हाती आपण मूल सोपवतो तिला पोटभर मोबदला मिळावा, यात मुलाचेही हित आहे.

चाळीस मुलांची यादी

आमच्या शाळेपासून थोड्या अंतरावर नाल्यापलीकडे गेल्या काही वर्षांत नवी वस्ती झाली. तिथे अंगणवाडी नाही. मागच्या वर्षी आमच्या दोन सहकारी शिक्षिका, वस्तीतल्या काही आया आणि आम्ही मिळून घरोघर जाऊन सहा वर्षांखालील मुलांची नावे लिहिली. मुलाचे नाव, जन्मतारीख, आईचे नाव, घराची खूण, एवढेच. तीन रविवार लागले. चाळीसचा आकडा दुसऱ्याच रविवारी ओलांडला होता. अर्जाला यादी जोडली, १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाचा उल्लेख केला, आयांच्या सह्या आणि अंगठे घेतले, आणि संबंधित कार्यालयात देऊन आमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला.

तीन महिने उलटून गेले. "प्रस्ताव वर पाठवला आहे" असे एका ओळीचे उत्तर आले. आम्ही स्मरणपत्र दिले, त्याचीही पोच घेतली. दरम्यान शेजारच्या अंगणवाडीच्या सेविका ताईंनी महिन्यातून एक दिवस नाल्यापलीकडे येऊन वजने घ्यायला सुरुवात केली आहे. त्यांच्यावर तशी सक्ती नव्हती. पहिल्याच दिवशी तीन मुलांच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली भरला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ती तीव्र कुपोषणाची खूण आहे. तिन्ही मुलांना त्यांनी शासकीय रुग्णालयात पाठवले, आणि तिथल्या पोषण पुनर्वसन केंद्रात दोघांना दाखल करून घेतले. तिसऱ्याची आई रोजंदारी बुडेल म्हणून गेली नाही. तिच्या घरी आमची जाये-ये अजून चालू आहे.

ही तीन मुले त्याआधी कुणाच्याही तक्त्यावर नव्हती. अंगणवाडी मंजूर व्हायची तेव्हा होईल, पण आता त्यांची नावे कागदावर आहेत.

आपण काय करू शकतो

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीत नाव नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड घ्या. ते रेशन कार्डासारखे जपा. लसीच्या तारखा आणि वाढीचा तक्ता त्यातच असतो.

मुलाचे वजन दर महिन्याला करून घ्या आणि सेविकेला तक्त्यावर टिंब मांडून दाखवायला सांगा. दोन महिने रेषा आडवी राहिली तर तिसऱ्या महिन्याची वाट पाहू नका.

आधार कार्ड नाही म्हणून मुलाला परत पाठवले तर शांतपणे सांगा की केवळ आधार नाही या कारणाने कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात म्हटले आहे. आधार जरूर काढा, पण तोवर आहार थांबता कामा नये.

मूल दीड वर्षाचे होऊनही चालत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर "त्याचे अब्बाही उशिरा बोलले होते" म्हणून थांबू नका. अंगणवाडीत तपासणीचे पथक कधी येणार ते विचारा.

आणि आपल्या वस्तीत अंगणवाडी नसेल तर मुलांची यादी करा. मशिदीच्या कमिटीत, महिला मंडळात, तरुणांच्या क्रीडा मंडळात कागद-पेन धरणारे चार हात नक्कीच मिळतात. ज्यांच्याकडे रिकामी खोली आहे त्यांनी ती रास्त भाड्याने अंगणवाडीला द्यावी. मोहल्ल्याच्या मधोमध मिळालेली एक खोली शंभर भाषणांपेक्षा जास्त मुलांना उपयोगी पडते.

शिक्षणाचा हक्क आपल्या राज्यघटनेने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना दिला आहे. सहाच्या आतल्या मुलांच्या संगोपन आणि शिक्षणाबद्दल घटनेच्या ४५ व्या कलमात सरकारला मार्गदर्शन आहे, पण न्यायालयात मागता येईल असा मूलभूत हक्क अजून नाही. तो मिळावा अशी मागणी देशातले अनेक शिक्षक आणि बालशिक्षणतज्ज्ञ करत आले आहेत, आणि आम्हीही त्यांच्यासोबत आहोत. तो मिळेपर्यंत अन्न सुरक्षा कायदा आणि २००६ चा आदेश आपल्या हातात आहेत. नाल्यापलीकडच्या वस्तीसाठी दुसरे स्मरणपत्र पुढच्या सोमवारी देणार आहोत. त्यावर या वेळी वडिलांच्याही सह्या असतील.